कोंडीचं मूळ थांब्यावर

नाशिकच्या वाहतूककोंडीचा विषय निघाला की बोलणं द्वारका आणि मुंबई नाका या चौकांपाशीच अडतं. पण या कोंडीचा माग काढायचा तर काळात एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावं लागतं आणि रस्त्याने वाघेरा घाट ओलांडून थेट हरसूल गावापर्यंत.

1860 च्या दशकात रेल्वे आली, ती नाशिक गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. गोदावरीवर येणारे यात्रेकरू स्टेशनावर उतरायचे आणि पुढे टांग्याच्या भरवशावर असायचे. त्यावरचा तोडगा म्हणजे 1889 ची नाशिक ट्राम. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत अडीच फुटी रुळांवरून घोडे तिचे डबे ओढत. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ट्रामच्या कामातही होते. दुष्काळ आले, प्लेग आला, तोटा साचत गेला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली.

मला यातला हिशेब खटकतो. रस्ता सगळ्यांच्या पैशातून होतो, त्याला कुणी नफा विचारत नाही. त्याच रस्त्यावरून माणसं नेणाऱ्या गाडीने मात्र तिकिटावरच जगायचं. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एसटीलाही हाच हिशेब लावला गेला. नाशिकची शहर बससेवा वर्षानुवर्षं एसटीकडे होती, तीही तोट्याच्या नावाने आक्रसत गेली. अखेर 8 जुलै 2021 ला महापालिकेची सिटीलिंक धावू लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत लांबला. हरसूलसारख्या गावाला त्याची झळ किती बसली असेल, हे शहरात बसून कळत नाही. हरसूलचा माणूस पावसाळ्यात भाताची आवणी उरकतो, नागली-वरईचं बघतो आणि द्राक्षाच्या हंगामात छाटणीला, विरळणीला गिरणारे-दिंडोरीकडे जातो. एसटी नसली की उरते ती जीप. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. आत माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, टपावर गाठोडी, मागच्या पायरीवर दोन-तीन पोरं एका हाताने कॅरियर धरून उभी. बाई असेल तर लेकरू मांडीवर आणि विळा-कोयता पिशवीत. वाघेऱ्याच्या वळणांवर ही गाडी बघताना पोटात गोळा येतो.

अशा प्रवासाला कंटाळलेला पोरगा पहिला पगार साठला की हप्त्यावर मोटारसायकल घेतो. त्याला दोष कोण देणार? सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी गाठायची तर दुसरा इलाज नसतो. पण असे हजारो पोरगे त्र्यंबक रोडने आणि गिरणाऱ्याकडून शहरात शिरतात, तेव्हा सिग्नलवर कोंडी होते. उड्डाणपूल बांधून ती पुढच्या चौकात सरकते, कारण ती सुरू झालेली असते पहाटे, बस न आलेल्या थांब्यावर.

साधं मोजून बघा. एक एसटी साधारण अकरा मीटर लांब आणि आत चाळीसच्या वर माणसं. तेवढ्याच लांबीत जेमतेम तीन मोटारी मावतात. वाहनं नव्हे, माणसं हलवा, हे केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच लिहिलेलं आहे.

हे जमतं, हे नाशिकने स्वतः करून दाखवलंय. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. त्यानंतर 2015 च्या सिंहस्थात मात्र भाविकांच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि तिथून एसटीने माणसं आत नेली. पर्वणीच्या दिवशी जी व्यवस्था उभी राहते, ती मजुराच्या रोजच्या सकाळसाठी का नाही? 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटींचा आकडा जाहीर झाला. हरसूलच्या गरजेला एवढं काही लागत नाही.

सिटीलिंक गिरणाऱ्यापर्यंत येते. हरसूलहून पहाटेची एसटी तिच्या वेळेशी जुळवून सोडा, कारखान्याची पाळी आणि बागेतलं काम सुटल्यावर परतीची गाडी ठेवा आणि पहिली दोन वर्षं या गाड्यांच्या तोट्याकडे रस्त्याच्या डांबराकडे बघता तसंच बघा.