व्यापारचिन्हाचें आयुष्य

देऊळगांव राजा येथें आश्विनांत बालाजीची यात्रा भरते. यात्रेंत येणारें गिऱ्हाईक मालाचें नांव अक्षर लावून वाचीत बसत नाहीं. ध्यानांत राहिलेल्या उच्चारावर व चित्रावर तें माल मागतें. अशा पुसट आठवणीस कायद्यानें कितपत मान द्यावा, हा प्रश्न एकदां सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

आपल्याकडे व्यापारचिन्हें नोंदण्याचा कायदा 1940 सालीं झाला. तत्पूर्वीं नक्कल करणाऱ्यावर दावा लावावयाचा, तर चिन्ह आपलेंच हें दर खेपेस नव्यानें शाबीत करावें लागे. 5 नोव्हेंबर 1949 रोजीं शांग्रीला या बिस्किटें करणाऱ्या कंपनीनें 'ग्लुव्हिटा' या नांवासाठीं अर्ज केला. असा अर्ज सरकारी पत्रिकेंत छापतात, व हरकत असल्यास ती मुदतींत घ्यावी लागते; ही मुदत हल्लीं चार महिन्यांची आहे. येथें हरकत आली ती अमेरिकेच्या कॉर्न प्रॉडक्ट्स कंपनीची. तिचें 'ग्लुकोव्हिटा' हें नांव ग्लुकोजच्या भुकटीसाठीं आधींच नोंदलेलें होतें. नोंदणी कचेरीनें हरकत फेटाळली. मुंबई हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनीं ती उचलून धरली. खंडपीठानें पुन्हां फिरविली. बिस्किटांच्या एका नांवासाठीं दहा वर्षें! हंसूं येईल खरें, परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास हेंच तेथें भांडवल होतें. अखेर 8 ऑक्टोबर 1959 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोंद नाकारली. दोन्ही नांवें शेजारीं मांडून अक्षरें ताडणें ही कसोटी नव्हे. सामान्य बुद्धीच्या व अपुऱ्या आठवणीच्या माणसाचा घोटाळा होईल काय, हें पहावयाचें. शिवाय बिस्किटांत ग्लुकोज पडतेंच. तेव्हां दोन्ही माल एकाच घरचे वाटणें स्वाभाविक.

हरकत टळून नोंद झाली, तरी चिन्ह अमर होत नाहीं. आरंभीं पहिली मुदत 7 वर्षांची होती. 2003 सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें ती 10 वर्षांची झाली, आणि फी भरून ती कितीहि वेळां वाढवितां येते. फी चुकली तर नोंद निघते, पण मुदत संपल्यापासून वर्षाच्या आंत अर्ज केल्यास ती परत मिळूं शकते. याहून मोठा धोका स्वस्थ बसण्यांत आहे. चिन्ह सतत पांच वर्षें खरोखर वापरांत नसेल, तर ज्याचें हित त्यामुळें बाधतें तो तें रद्द करण्याची मागणी करूं शकतो. मात्र सरकारी आयातबंदीमुळें वापर खुंटला असेल, तर तो मालकाचा दोष नव्हे, असें हार्डी ट्रेडिंग कंपनीच्या रंगांच्या खटल्यांत 2003 सालींच ठरलें, आणि तिचीं चिन्हें पटावर राहिलीं.