दुधनेत ट्राउट का नाही?

ट्राउट हा युरोपातल्या गळवाल्यांचा लाडका मासा. आपल्या जालना जिल्ह्यातल्या दुधनेत किंवा पूर्णेत तो का नाही? उत्तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. 10 अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला साधारण 20 अंशांखालचे, वाहते पाणी लागते. म्हणूनच 1900 च्या सुमारास बाहेरून आणलेला हा मासा काश्मीरच्या थंड ओढ्यांत टिकला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नद्या डोहांपुरत्या उरतात.

ट्राउटसाठी गळाला पिसे व दोरा गुंडाळून खोटा कीटक बनवतात. त्या ऋतूत पाण्यावर जे कीटक असतील, तसा तो दिसावा लागतो. म्हणजे आधी माशाचे खाणे ओळखायचे, मग गळ टाकायचा. हे सूत्र आपल्याकडेही फार पूर्वी लिहिले गेले. आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग ज्याच्या सत्तेखाली होता, त्या कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात (सुमारे 1130) 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय चारावे, गळ कसा टाकावा, हे सारे त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर शोधलेख लिहिला.

पुढे कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने 1839 मध्ये प्रसिद्ध केली. अनेक नव्या जातींना त्यांनी कोळ्या-भोयांच्या तोंडची नावे दिली, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला नदीकाठी नाव विचारून तोच मासा मिळावा. 'तोर खुद्री', 'गारा मुल्या' ही नावे आजही जगभर चालतात.

आता नद्या ठिकठिकाणी अडल्या आहेत. तलावांत गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ सोडले जातात, तिलापियाही पसरला आहे. गावचे छोटे मासे बाजारातून गेले की त्यांची नावेही बोलण्यातून जातात, आणि नाव गेले की तो मासा नाहीसा झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पहिल्या पुराबरोबर कोणते मासे वर चढतात? वैशाखात डोहात कोणते उरतात? गावातल्या भोई आजोबांना विद्यार्थ्यांनी हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत टिपावे. सोमेश्वराने आणि साइक्सनेही आपापल्या काळात माशांची माहिती अशीच लिहून ठेवली होती.