लष्करी स्लॅपस्टिक चित्रपट

सैन्याच्या शिस्तीत न बसणाऱ्या शिपायाच्या फजितीवर उभा असलेला शारीरिक विनोदाचा चित्रपटप्रकार. चार्ली चॅप्लिनचा ‘शोल्डर आर्म्स’ (१९१८), लॉरेल-हार्डींचा ‘पॅक अप युवर ट्रबल्स’ (१९३२) आणि ॲबट-कॉस्टेलो यांचा ‘बक प्रायव्हेट्स’ (१९४१) हे त्यातले ठळक चित्रपट. जुन्या रिळांचे संग्राहक या चित्रपटांच्या मागे लागतात ते बालपणीच्या आठवणींपोटी, असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. कारण शोधायचे तर या विनोदाच्या घडणीत शोधावे लागते. कवायतीचा ताल ठरलेला असतो. रांगेतला एकजण उलटा वळला की चूक क्षणात दिसते. मागची-पुढची गोष्ट ठाऊक नसली तरी अडत नाही. ‘बक प्रायव्हेट्स’मधली कॉस्टेलोची कवायत चित्रपटातून सुटी काढली तरी पुरी वाटते. अशा सुट्या प्रसंगांनाच घरगुती प्रोजेक्टरच्या काळात मागणी होती. कॅसल फिल्म्स ही अमेरिकी कंपनी ॲबट-कॉस्टेलोंच्या चित्रपटांतले निवडक भाग ८ मिमी रिळांवर विकत असे. ५० फुटांचे मूक रीळ चारेक मिनिटांत संपते. एवढ्या अवधीत कथानक मावत नाही, फजिती मावते.

युद्धाची थट्टा करणारे चित्रपट जपावेतच कशाला, असा एक आक्षेप आहे. पण ‘शोल्डर आर्म्स’ ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध चालू असतानाच, पडद्यावर आला आणि सैनिकांनीही तो उचलून धरला. खंदकात पाणी भरले आहे, चार्ली बुडालेल्या बिछान्यावर ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून श्वास घेतो आहे: या दृश्यात सैनिकाचे हाल लपवलेले नाहीत, हसू त्या हालांतूनच येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वच्छ डिजिटल प्रत मिळत असताना जुनी रिळे हवीत कशाला? उत्तर असे, की ‘शोल्डर आर्म्स’सारख्या चित्रपटाचे एकच एक रूप नाही. मूकपटांच्या काळात बहुधा दोन कॅमेरे शेजारी ठेवून दोन निगेटिव्ह तयार करत, त्यामुळे देशोदेशीच्या प्रतींत कोन आणि कधीकधी अभिनयही किंचित बदलतो. शिवाय १९५९ मध्ये ‘द चॅप्लिन रिव्ह्यू’साठी चॅप्लिनने ‘शोल्डर आर्म्स’ नव्या संगीतासह पुन्हा सादर केला, तेव्हा वेग जुळवण्यासाठी काही चौकटी दोनदा छापल्या गेल्या. झाडाच्या खोडाचे सोंग घेतलेला चार्ली फांदीने शत्रूला टोला हाणतो, तो टोला त्यामुळे जरा रेंगाळतो. स्लॅपस्टिकमध्ये असा रेंगाळलेला टोला मोठी हानी करतो, आणि ती नेमकी किती हे पारखायला जुनी प्रत शेजारी असावी लागते.