स्टेपनी नसलेली गाडी

मागच्या पावसाळ्याच्या आधी माझ्या मामेभावाने एक सेकंडहँड जर्मन सेडान घेतली. घरी पूजा, हार, पेढे वगैरे यथासांग. मामा आयुष्यभर पद्मिनी चालवलेला माणूस. त्यांनी नारळ फुटायच्या आत डिकी उघडली, खालचा गालिचा वर केला, आणि पहिला प्रश्न विचारला, "स्टेपनी कुठंय?"

स्टेपनी नव्हतीच. दादाने ऐटीत सांगितलं, "पपा, रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी ऐंशीच्या स्पीडने ऐंशी किलोमीटर जाते."

मामा म्हणाले, "आणि एक्क्याऐंशीव्या किलोमीटरला?"

सगळे हसले. ऑगस्टमध्ये साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली, डाव्या बाजूच्या दोन्ही टायरना साइडवॉलवर लिंबाएवढे फुगे आले, आणि मग कोणी हसलं नाही. साइडवॉलला फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले. त्याला ना पट्टी ना पॅच, टायर बदलायचाच. उरलेले दोन तसेही गोटा झाले होते. चार नव्या रनफ्लॅटचा जो आकडा दादाला मिळाला तो माझ्या होम लोनच्या दोन हप्त्यांपेक्षा मोठा होता. दादाने मला फोन केला, कारण घरातला इंजिनिअर मी. (मी कॉम्प्युटरचा आहे, हे आमच्या घरात दहा वर्षं सांगतोय.) प्रश्न साधा होता: यावर साधे टायर टाकले तर चालतील का?

उत्तर शोधायला म्हणून बसलो आणि दोन वीकएंड त्यातच गेले. म्हणजे उत्तर दहा मिनिटांत मिळालं, पण ते उत्तर 'हो' का आहे याची गोष्ट सव्वाशे वर्षांची निघाली.

सुरुवात मामांच्या शब्दापासून. 'स्टेपनी' हा शब्द आपण इतका आपला समजतो की तो एका रस्त्याच्या पाटीवरून आलाय हे मला माहीतच नव्हतं. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या काळी मोटारींना जादा चाक नसायचं, आणि मुळात चाक सहज निघायचंच नाही. पंक्चर झालं की रस्त्याकडेला बसून चाकावरच टायर उचकटायचा. १९०४ साली डेव्हिस बंधूंनी एक आरं नसलेली रिम बनवली. तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला. बसलेल्या चाकाच्या शेजारी ती पकडींनी आवळायची आणि निघायचं. पुढे आख्खं चाकच काढता येऊ लागलं आणि ती युक्ती संपली, पण नाव उरलं. आपल्याकडे उरलं, माल्टामध्ये उरलं, ब्राझीलमध्ये 'एस्तेपे' होऊन उरलं. खुद्द इंग्लंडात मात्र विसरलं गेलं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त आवडली. १८८८ मध्ये डनलपने हवेचा टायर आणला खरा, पण तो रिमला चिकटवलेला असे. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ इथे मिशेलिन बंधूंचा रबराचा छोटा कारखाना होता. १८८९ मध्ये एक सायकलस्वार पंक्चर झालेला डनलप टायर घेऊन त्यांच्याकडे आला. टायर सोलून काढायला आणि दुरुस्त करून पुन्हा चिकटवायला तीनेक तास गेले, आणि वर सरस वाळायला रात्रभर. सकाळी एदुआर मिशेलिनने सायकल चालवून बघितली, तर थोड्याच अंतरावर टायर परत बसला. पण हवेवर चालण्याचं सुख त्याला कळलं होतं. १८९१ मध्ये मिशेलिनने रिमवरून काढता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने याच टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी त्यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि असं सांगतात की वाटेत स्वतःच खिळे पसरले, पंक्चर काढणं किती सोपं आहे ते लोकांना दिसावं म्हणून! मार्केटिंग म्हणावं ते याला.

म्हणजे या कंपनीचा पाया काय, तर 'कुणीही, कुठेही, स्वतः पंक्चर काढू शकेल'. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रनफ्लॅट. हवा गेल्यावर टायर का मरतो? वजनाने साइडवॉल घडी पडते, प्रत्येक फेऱ्याला वाकते-सरळ होते, आतल्या आत घासते, तापते, आणि शेवटी फाटते. शिवाय टायरची कड रिमवरून निसटू शकते. या दुखण्यावर वेगवेगळे वैद्य वेगवेगळी औषधं घेऊन आले.

डनलपचं औषध म्हणजे १९७० च्या दशकातला 'डेनोवो'. रिमवर टायरच्या आत छोट्या डब्या, त्यात वंगणासारखं द्रव. हवा गेली की टायर डब्यांवर दाबला जातो, डब्या फुटतात, घर्षण कमी होतं आणि बारीक भोक बुजतं. ब्रिटनमध्ये मिनी १२७५ जीटीला तो १९७४ पासून जादा पैशात मिळायचा आणि १९७७ पासून सरसकट दिला जाऊ लागला. कल्पना झकास. गोम एकच, चाक खास डेनोवोचं. साधा टायर त्यावर बसत नसे. काही वर्षांत डेनोवो बाजारातून गेला, आणि त्या मिनीवाल्यांनी काय केलं असेल? साधी चाकं शोधली, त्यावर साधे टायर चढवले.

मिशेलिनचं औषध नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलं. नाव 'पॅक्स'. टायरच्या आत रिमवर पॉलियुरेथेनचं एक जाडजूड कडं. हवा गेली की टायर त्या कड्यावर टेकतो. कड रिमला अशी अडकवलेली की निसटायची सोयच नाही. ऐंशीच्या वेगाने दोनशे किलोमीटर जा म्हणत. इंजिनिअर म्हणून बघितलं तर मला हेच सगळ्यात सुंदर डिझाइन वाटतं. अमेरिकेत होंडाने २००५ च्या ओडिसी टूरिंग या आठ माणसांच्या कुटुंबवत्सल गाडीला पॅक्स दिले. त्या टायरचं माप बघा: २३५-७१०-आर-४६०. आपली मापं इंचात असतात, सोळा, सतरा. इथे ४६० म्हणजे मिलिमीटर, अठरा इंचाहून किंचित जास्त. दुसऱ्या कुठल्याही प्रकारचा टायर त्या रिमवर जाणार नाही. आणि तो चढवायला-उतरवायला खास यंत्र लागे, जे फार थोड्या दुकानांत होतं.

आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. फाइल उत्तम सेव्ह होते, पण उघडायची ती फक्त आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये.

मिशेलिनचा हेतू कोंडून ठेवायचा होता असं मी म्हणणार नाही. गुडइयर, पिरेली अशा प्रतिस्पर्ध्यांनाही त्यांनी पॅक्सचे हक्क दिले होते, म्हणजे सगळ्या जगाचं हेच स्टँडर्ड व्हावं अशी इच्छा होती. पण बाकीचं जग आलंच नाही. ओडिसीवाले मात्र आत अडकले. टायर लवकर झिजतात, साधं पंक्चर काढून मिळत नाही, यंत्रवालं दुकान लांब, आणि नव्या सेटची किंमत ऐकून घाम. ग्राहकांनी होंडा आणि मिशेलिनवर सामूहिक दावे लावले, ते तडजोडीने मिटले. २००७ च्या अखेरीस मिशेलिनने पॅक्स पुढे विकसित करणार नाही असं जाहीर केलं. (बुगाटी वेरॉनलाही पॅक्सच होते, पण ज्यांच्याकडे वेरॉन आहे त्यांच्या टायरच्या खर्चाची काळजी आपण करू नये :) )

आणि मग ओडिसीवाल्यांनी तेच केलं जे मिनीवाल्यांनी केलं होतं. बाजारात मिळणाऱ्या मापाची चार साधी चाकं, त्यावर चार साधे टायर, डिकीत एक जादा चाक. चाकांसकट हा सगळा खर्च बहुतेकदा पॅक्सच्या नव्या सेटशी तुलना करता परवडायचा, आणि पुढच्या वेळी तर फक्त टायरचेच पैसे. १८९१ मध्ये ज्या कंपनीने सायकलवाल्याच्या हातात पंक्चरची सूत्रं दिली, तिचा टायर काढायला शंभर-सव्वाशे वर्षांनी लोक यंत्र शोधत फिरत होते. मला हे वाचून हसू आलं नाही, जरा वाईटच वाटलं.

तिसरं औषध सगळ्यात ओबडधोबड आहे: साइडवॉलच इतकी जाड करायची की हवेशिवायही ती वजन पेलेल. गुडइयरने हे १९९४ मध्ये कॉर्व्हेटला जादा पैशात दिलं, आणि १९९७ च्या कॉर्व्हेटमधून स्टेपनी कायमची गेली. बीएमडब्ल्यूने २००५ च्या ३-सीरिजला असेच टायर दिले. टायर जड, चाल कडक, खड्ड्यांत दणके थेट मणक्यात. देखणेपणात पॅक्सच्या जवळपासही नाही. पण टिकलं हेच. कारण रिमचं माप नेहमीचंच ठेवलं. कड निसटू नये म्हणून रिमवरचा उंचवटा थोडा वाढवला, बस्स. त्यावर त्याच मापाचा साधा ट्यूबलेस टायर निमूट बसतो. बॅकवर्ड कम्पॅटिबल! माझा जीव भांड्यात पडला तो या एका वाक्यावर.

तर दादाला सांगितलं, टाक साधे. पण चारही टाक, दोन रनफ्लॅट दोन साधे असली खिचडी नको. माप, लोड इंडेक्स, स्पीड रेटिंग कंपनीने सांगितलंय त्याहून खाली जायचं नाही. आधी रिमला चीर आहे का ते बघून घे. हवेची सूचना देणारी यंत्रणा चालू ठेव. आणि आता हवा गेली तर गाडी थांबवायची म्हणजे थांबवायची, रनफ्लॅटच्या सवयीने पुढे रेटायची नाही. यात एक गोष्ट गमवावी लागते हे मान्य केलं पाहिजे: रात्री अकराला बोरघाटात टायर गेला तर रनफ्लॅटवाला हळूहळू लोणावळ्याला पोचेल, आपण जॅक लावत बसू. वहिनी एकट्या गाडी नेतात, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे अर्धा तास चालला.

मध्यम मार्ग असा की छोटा कॉम्प्रेसर आणि पट्टीचं किट ठेवायचं. कायद्यालाही ते चालतं. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: छोट्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. पण किट चालतं खिळ्याला. खंबाटकीच्या खड्ड्याला नाही.

टायर बसवून घेतले. खर्च निम्म्याहून कमी आला. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या अण्णाने दोनदा थापट मारून बघितलं आणि म्हणाला, "आता माझ्याकडे आणा, आधीचा नको होता." मग दादा आणि मी एका रविवारी भंगार बाजारात जाऊन त्याच मापाचं एक जुनं चाक घेऊन आलो. डिकीत त्यासाठी खाच नाहीच. त्यामुळे ते जुन्या चादरीत गुंडाळून आडवं टाकलंय, निम्मी डिकी त्यातच जाते, आणि गणपतीला गावी जाताना दोन बॅगा वहिनींच्या पायाशी होत्या. त्या वाटभर त्याबद्दल बोलत होत्या. मामा पुढच्या सीटवर बसून काहीच बोलले नाहीत.