बाखची वही: नऊ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले प्रील्यूड

१/ २२ जानेवारी १७२०. जर्मनीतील कोथेनच्या दरबारात संगीतप्रमुख असलेल्या योहान सेबास्टियन बाखने एक वही सुरू केली. ती त्याच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी होती. मुलाचे वय होते अवघे नऊ वर्षे.

२/ वहीच्या आरंभी स्वरलिपीच्या खुणा आणि स्वरालंकारांचा तक्ता आहे. त्यानंतर बोटांचे क्रमांक घातलेली एक चिमुकली रचना येते. तिच्यातील चढत्या स्वरांवर उजव्या हाताचे मधले बोट व अनामिका आळीपाळीने पडतात. ही तेव्हाची जुनी पद्धत. पुढे येतात छोटे प्रील्यूड.

३/ प्रील्यूड म्हणजे मुख्य वादनाआधीचे वादन. वाद्य स्वरात आहे का, हे पाहता पाहता वादक उत्स्फूर्तपणे जे वाजवत, त्यातून हा प्रकार घडला. फ्रान्समध्ये कुपरँने १७१६च्या आपल्या वादनग्रंथात असे आठ प्रील्यूड दिले. बोटे मोकळी व्हावीत आणि अनोळखी वाद्याचा अंदाज यावा, हा त्यांचा हेतू.

४/ त्याच वर्षी, १७२०च्या उन्हाळ्यात, बाख राजपुत्र लिओपोल्डसोबत कार्ल्सबाडला गेला होता. परतला तेव्हा पत्नी मारिया बार्बाराचे दफनही उरकले होते. फ्रीडमान आईविना पोरका झाला. वहीतले लेखन मात्र पुढे चालू राहिले.

५/ या वहीतील अकरा प्रील्यूड बाखने पुढे विस्तारले. बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीसही स्केलमधील प्रील्यूड व फ्यूग यांचा त्याचा संग्रह १७२२मध्ये सिद्ध झाला. शिकू पाहणारे तरुण आणि निष्णात वादक, दोघांसाठी तो असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद आहे.

६/ हा संग्रह छापला गेला तो थेट १८०१मध्ये, म्हणजे बाखच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. तोवर तो तगला शिष्यांनी हाताने उतरवलेल्या नकलांवर. बॉनमध्ये नेफे या गुरूने बाल बीथोव्हेनला तो शिकवला, तेव्हा छापील प्रत अस्तित्वातच नव्हती.

७/ फ्रीडमान मोठा ऑर्गनवादक झाला. पण उत्तरायुष्यात विपन्नावस्थेत त्याला वडिलांची हस्तलिखिते विकावी लागली. १७८४मध्ये बर्लिनमध्ये तो वारला. बालपणीची ती वही मात्र टिकली आणि आज अमेरिकेतील येल विद्यापीठात आहे. तिच्यातील सी मेजर प्रील्यूड जगभरचे विद्यार्थी आजही शिकतात.