उलटी बाज

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने कॅनडातले राहते घर विकले, एक मोटारघर घेतले आणि बायको व दोन लहान मुलांसह तो रस्त्यावरच राहू लागला. स्वयंपाक गाडीत, निजणे गाडीत, मुलांची शाळा जेवणाच्या टेबलावर. त्याने पाठविलेले छायाचित्र पाहून आमच्या आक्काने कपाळाला हात लावला. म्हणाली, "घिसाड्यासारखी पोरं हिंडवतोय रानोमाळ!"

आक्काचे ते वाक्य मनात रुतून बसले. घिसाड्यांचे बिऱ्हाड आम्ही दोघांनी एकाच ओट्यावरून पाहिलेले. सुगीच्या तोंडावर ते येत. वेशीबाहेर पाल पडे, जमिनीत खड्डा खणून भट्टी पेटे. पुरुष सांडशीत लोखंड धरून ऐरणीपाशी बसे. घण मात्र त्याची बायको घाली. तिचे तान्हे झोळीत, त्या ठणठणाटात स्वस्थ झोपलेले. सहा-सात वर्षांची मुलगी भाता चालवी. आमच्याकडे त्या वयाच्या मुलीला चुलीजवळ फिरकू देत नसत! विळ्यांना, खुरप्यांना पाणी दिले जाई, सुपातले दाणे पदरात पडत, आणि एके सकाळी वेशीबाहेर तेवढी राख उरे. ही माणसे कुठून आली, हे आम्ही कधी विचारले नाही.

तो प्रश्न मला पडला चितोडास. तिथे गावाबाहेर गाडिया लोहारांचा तळ होता. हे लोक आणि आपले घिसाडी एकच, असे मी म्हणत नाही. घिसाड्यांच्या बोलीत गुजरातीचा अंश पुष्कळ, आणि त्यांची वाट निराळी. पण धंदा तोच, घणामागचे बाईचे हात तेच. फरक डोळ्यांत भरला तो गाडीचा. जड लाकडाची, पितळी खिळ्यांनी नटविलेली बैलगाडी, मागे सामानाची पेटी, तेच घर. लग्न झालेल्या मुलाला वेगळी गाडी हवी, म्हणून कुटुंबे मोजायची ती गाड्यांनीच. आणि गाडीवर बाज बांधलेली होती ती उलटी, पाय आभाळाकडे करून.

त्या बाजेची कथा राजस्थानात सर्वतोमुखी आहे. १५६८ च्या फेब्रुवारीत अकबराने चितोड घेतले. राण्याची शस्त्रे घडविणारे लोहार बाहेर पडले आणि त्यांनी पण केला : चितोड स्वतंत्र झाल्यावाचून गडावर पाऊल ठेवायचे नाही, घरात राहायचे नाही, बाजेवर निजायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही, विहिरीतून पाणी काढायला दोर बाळगायचा नाही.

कथा मोठी सुंदर आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक सन सारखा टोचत राहतो. १६१५ साली राणा अमरसिंह आणि जहांगीर यांचा तह झाला आणि त्या तहाने चितोड मेवाडला परत मिळाले. म्हणजे अवघ्या ४७ वर्षांत! वनवासाला निघालेल्यांची नातवंडे तेव्हा हाताशी आली असतील. मग ती परत का आली नाहीत? उत्तर मला त्याच तहाच्या एका अटीत दिसते. किल्ला परत, पण त्याची दुरुस्ती करायची नाही. १६५४ साली शाहजहानने सैन्य पाठवून केलेली डागडुजी पाडून टाकविली, इतकी ती अट खरी होती. ज्या गडाचा बुरूज बांधायचा नाही, तिथे शस्त्रकाराला काम कोणते? राजधानी तर केव्हाच उदेपुरास गेलेली. माझा तर्क असा की, तोवर या लोकांना दुसरे गिऱ्हाईक सापडले होते, आणि ते म्हणजे शेतकरी. एका गावाला बारा महिने पुरेल एवढे काम त्याच्याकडे नसते. वीस गावे फिरली तर पोट भरते. त्यांना फिरविले ते विळ्या-खुरप्यांनी. प्रतिज्ञेने त्या फिरण्याला मान दिला. वेशीवर कोणी हिणविले तर, आम्ही घर नसलेले नव्हे, घर सोडलेले आहोत, असे सांगता आले. आपल्या घिसाड्याला आक्कासमोर एवढेही सांगता आले नसते.

१९५५ च्या एप्रिलात पंडित नेहरू चितोडास आले आणि हजारो लोहारांना घेऊन समारंभाने गडावर गेले. पण फिटला! ते दृश्य पाहायला मी तिथे असायला हवा होतो. जमीन, घरे, वसाहती अशी वचनेही दिली गेली. परंतु वसाहत म्हणजे एका जागी पन्नास भट्ट्या, आणि विळा करून घेणारा शेतकरी मैलोगणती दूर. पुष्कळ कुटुंबांनी पुन्हा बैल जुंपले. त्यांच्यावर अस्थिरतेचा ठपका आला. गिऱ्हाइकाचा हिशेब सरकारने केला नव्हता, हे कोणी बोलले नाही.

शेवटी गाडी थांबविली ती कारखान्याने. बाजारात तयार विळा स्वस्त मिळू लागला, ट्रॅक्टर आला, बैल पोसणे परवडेना. आज दिल्ली-जयपूरच्या रस्त्यांकडेला काही गाड्या उभ्या दिसतात. चाके जमिनीत रुतलेली, वर ताडपत्री. ज्यांना घरात या म्हणून विनविले, त्यांच्यातल्याच काहींना आता रस्त्याकडेचे झोपडेही उठविले जाण्याची धास्ती. आमच्या भाच्याला मात्र जागोजागी गाडी उभी करायला पाणी-विजेसकट आखून दिलेली जागा मिळते, आणि सहा महिन्यांनी कंटाळा आला तर भाड्याचे घर मिळणारच.

हे सगळे मी आक्काला सांगितले. तिने ऐकून घेतले. पटले की नाही, कळले नाही. पुढच्या आठवड्यात भाच्याचे दुसरे छायाचित्र आले. मुलांची बाज दिवसा छताला दुमडून लावलेली होती, खालची बाजू बाहेर, पाय मोकळे. आक्का चष्मा लावून कितीतरी वेळ त्या बाजेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "निजताना तरी सुलटी करतात ना रे?"