मार न लागता अंगावर काळे-निळे डाग? म्हातारपणीही होऊ शकतो हिमोफिलिया

हिमोफिलिया म्हटलं की जन्मापासूनचा आणि मुलग्यांना होणारा आजार, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण आयुष्यभर असा कसलाही त्रास नसलेल्या माणसालाही तो उतारवयात होऊ शकतो. त्याला ‘अक्वायर्ड हिमोफिलिया ए’ म्हणतात. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांनाच होणारा हा आजार वेळेत ओळखला नाही, तर जिवावर बेततो.

कशामुळे होतो?
रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या ‘फॅक्टर ८’ या प्रथिनाविरुद्ध शरीरच अँटिबॉडी तयार करतं. सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. बाकीच्यांत ऑटोइम्यून आजार, कॅन्सर किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण आढळतं. स्त्री-पुरुष दोघांनाही तो होतो.

लक्षणे
अंगावर मोठे काळे-निळे डाग उठतात. दंड किंवा मांडी अचानक सुजून दुखते. इंजेक्शनच्या जागेचं रक्त थांबत नाही. कधी लघवी किंवा शौचावाटे रक्त जातं. जन्मजात हिमोफिलियासारखा सांध्यातला रक्तस्राव मात्र कमी दिसतो.

कसा ओळखतात?
प्लेटलेट आणि पीटी नॉर्मल, पण एपीटीटी तेवढी वाढलेली, ही पहिली खूण. ती ‘वयोमानानं असेल’ म्हणून सोडून देऊ नये. हेपॅरिन चालू असेल तरी एपीटीटी वाढते, म्हणून तेही बघावं लागतं. पुढे मिक्सिंग टेस्ट होते. रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात मिसळून ३७ अंशांवर दोन तास ठेवतात. तरीही गोठण्याची वेळ सुधारली नाही, तर अँटिबॉडीचा संशय बळावतो. फॅक्टर ८ ची पातळी आणि बेथेस्डा चाचणीनं निदान पक्कं होतं.

उपचार
उपचार दुहेरी असतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी रिकॉम्बिनंट फॅक्टर ७ए किंवा एपीसीसी ही औषधं देतात. अँटिबॉडी नेहमीचं फॅक्टर ८ निकामी करत असल्यानं नुसतं तेच देऊन सहसा भागत नाही. दुसरीकडे अँटिबॉडी घालवण्यासाठी प्रेडनिसोलोन, गरजेप्रमाणे सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे ताप आल्यास लगेच डॉक्टरांना कळवावं. बरा झालेला आजार उलटूही शकतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्यात.

हे टाळा
संशय असेल तर दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नये. ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. दात काढणं किंवा गाठ समजून सूज कापणं धोक्याचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आधी सांगावी. तालुक्याहून मोठ्या शहरात हलवताना जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत आणि रक्तविकारतज्ज्ञ, म्हणजे हेमॅटॉलॉजिस्ट, गाठावेत.